सासूबाईंची पाटी

७ जानेवारी, बुधवार

कामावरून आलो तर दारात खोकं. मेहुण्याने पाठवलंय, त्याच्या आईसाठी — म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. पुस्तकं वाचायचं यंत्र. आत एक काळी चपटी पाटी, एक वायर आणि एक घडीचा कागद. कागदावर नुसती चित्रं. वाचायचं यंत्र, आणि ते चालवायचं कसं यावर एक धड वाक्य नाही.

मेहुण्याला फोन केला. "भाऊजी, काही नाही हो त्यात. चार्ज करायचं, चालू करायचं, झालं." तिकडे पाच तासांवर बसून त्याचं सगळंच 'झालं' असतं. इकडे वायरीला भिंतीत खोचायचा ठोकळाच नाही. माझ्या फोनचा काढून लावला. आता माझा फोन उपाशी.

दातांच्या लॅबमध्ये आज दिवसभर कवळ्यांना पॉलिश. मशीनची घरघर अजून हातात आहे, अक्षर बघा कसं येतंय. बाकी उद्या.

८ जानेवारी, गुरुवार

आजही उद्याच.

१० जानेवारी, शनिवार

सासूबाई पाटीकडे बघत नाहीत. म्हणजे बघतात, पण मी बघत नसताना.

गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून त्यांचा डावा हात कामातून गेला. पाय थोडा ओढतात, पण काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. बोलणं शाबूत आहे, नको तितकं. खरी पंचाईत झाली ती पुस्तकांची. जाड पुस्तक एका हातात धरवत नाही, टेबलावर ठेवलं तर पानं मिटतात. पानावर वजन म्हणून मी लॅबमधून एक प्लास्टरचा जबडा आणून दिला होता. "कोणाचा आहे?" म्हणाल्या. म्हटलं, एका निवृत्त न्यायाधीशांचा. "मग ठीक आहे. निदान वाचणाऱ्या माणसाचा आहे."

पण दर पानाला जबडा उचला, पान उलटा, जबडा ठेवा — कंटाळल्या. मग एकच पान आठ आठ दिवस उघडं राहायला लागलं. पुढे तेही बंद. नुसत्या खिडकीशी बसून राहायच्या. मी मेहुण्याच्या कानावर घातलं होतं. म्हणून ही पाटी.

आज संध्याकाळी चालू केली. आधी भाषा विचारली. मग वाय-फायचा पासवर्ड. तो मला माहीतच नाही! घरातलं वाय-फाय बायकोने लावून घेतलं होतं, माझा फोनही तिनेच जोडून दिला. तेव्हापासून तो आपोआप जोडला जातो. कधी विचारायची वेळ आली नाही. ती जाऊन चार वर्षं झाली. आता कोणाला विचारणार?

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "जेवायला या."

"आई, आत्ताच तर चहा झाला."

"पासवर्ड आहे तो. 'जेवायला या'. इंग्रजी अक्षरांत, सलग."

लागला.

पुढे काही केलं नाही. पाटी बंद करून ठेवून दिली.

११ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस पाटीत गेला.

खातं माझ्या नावाने काढलं. सासूबाईंना ई-मेल नाही. "मला कोण लिहिणार आहे," म्हणाल्या. अक्षरं टाइप करताना पाटी इतकी सावकाश, की दाबलं आणि उठलं यात माणूस जांभई देऊन घेतो.

मेहुण्याने एक पुस्तक फाइल करून पाठवलं होतं. उघडलं तर वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांची फारकत झालेली. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "ह्यालाही झटका आलेला दिसतोय."

मग पाटीच्याच दुकानातून एक कादंबरी विकत घेतली. एका नावाड्याची गोष्ट, चांगली जाडजूड. म्हणजे जाडजूड असणार, इथे कळायला मार्ग नाही. त्यातली अक्षरं ठीक दिसली. मोठी केली, अजून मोठी केली. "एवढी नको, पोरं शिकायला बसली नाहीत इथे." परत लहान केली.

आता पान उलटणं. उजव्या कडेला अंगठा नुसता टेकवायचा. त्या दाबून धरतात. धरलं की पाटी त्या शब्दाचा अर्थ सांगायला धावते. "मी विचारला होता का तिला अर्थ?" वर हात लागला की भलतीच खिडकी उघडते. खाली लागला की एकदम प्रकरण सातवं. टेकवायचा आई, दाबायचा नाही. टेकवायचा. सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या. कवळ्या बनवणाऱ्यावर ही वेळ!

शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही दमलात. जा, पडा थोडे."

पडलो. झोप नाही लागली.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळच्या बाई म्हणाल्या, "आज्जींनी मला शिकवलं ते मशीन. टेकवायचं, दाबायचं नाही." 

सकाळच्या बाई म्हणजे सासूबाईंची अंघोळ-जेवण बघायला येतात त्या. दुपारी जातात. त्यानंतर मी येईपर्यंत सासूबाई घरात एकट्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

घरी आलो तर दिवा नाही. चपला तशाच पायात. आत गेलो तर खुर्चीत बसलेल्या, अंगावर शाल, मांडीवर पाटी, आणि तिच्या उजेडात चेहरा. दिवा लावायचं राहून गेलं म्हणे. चहासुद्धा घेतला नव्हता. थर्मासमध्ये तसाच.

"बोलू नका. ह्या मुलीचं लग्न मोडतंय."

मी माझा चहा केला आणि स्वयंपाकघरातच उभ्याने प्यायलो. किती दिवसांनी त्या कशात तरी बुडालेल्या दिसल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पाय इतके दुखत होते की कळलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज एक नवल.

दुपारी डबा खाताना फोन उघडला. त्या पाटीचं ॲप फोनवरही घ्यावं लागलं होतं, खातं काढताना. चुकून त्यावर बोट पडलं. तीच कादंबरी उघडली, पहिलं पान. आणि खाली प्रश्न — तुम्ही दुसऱ्या यंत्रावर पान ९६ वर आहात, तिथे जायचं का?

मी कुठला ९६ वर असायला! मग डोक्यात प्रकाश पडला. खातं एकच आहे. ९६ वर सासूबाई आहेत.

'नाही' दाबलं. चहा पिऊन पुन्हा उघडलं. पान ९९.

रोज दुपारी मी घरी फोन करतो. तो खूप वेळ वाजतो, मग त्या काठी टेकत येतात, धापा टाकत म्हणतात, "जिवंत आहे. ठेवा." आणि फोनपर्यंत येताना पडल्या तर, ही काळजी मलाच. आज फोन केला नाही. पान हललं, म्हणजे सासूबाई ठीक आहेत. 

दुपारभर हात हलका चालला. मेणात दात बसवताना एकदाही चुकलो नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

११८. नंतर १२३.

२७ जानेवारी, मंगळवार

नुसतं उघडून बंद काय करायचं, म्हणून पहिलं पान वाचलं. मग दुसरं.

मी वाचणारा नव्हे. या घरात वाचायच्या त्या दोघी, मायलेकी. आम्हाला मूल नाही, सासरे गेल्यावर बायकोने आईला इथे आणलं, आणि तेव्हापासून जेवायच्या टेबलावर रोज कुठल्या तरी पुस्तकातल्या माणसांची भांडणं. अमकी असं का वागली, तमक्याने तिला का सोडलं. मी पहिल्या पहिल्यांदा विचारायचो, कोण ही, आपल्या ओळखीची आहे का? हसायच्या. पुढे विचारणं सोडलं. खानावळीत येऊन जेवून जाणाऱ्यासारखा जेवून उठायचो.

ती गेल्यावर टेबलावरचं बोलणंच संपलं. मीठ द्या, गोळी घेतली का, बाई आल्या होत्या का — एवढंच.

आज जेवताना म्हटलं, "त्या नावाड्याची थोरली घरातून जाते, ती परत येते का हो?"

सासूबाईंचा घास हातात राहिला.

"तुम्हाला काय माहीत थोरली?"

"फोनवर आहे ना तेच पुस्तक. दुपारी वाचतो दोन पानं."

"मग वाचा. मी सांगणार नाही."

पण एक पोळी जास्त खाल्ली त्यांनी. पानाचं लक्ष ठेवतो ते काही मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या बाई आजारी. दुसरी कोणी मिळेना. मी रजा टाकली. मालक म्हणाले, "दातांचे दवाखाने आपल्या घरच्या अडचणींवर चालत नाहीत." खरं आहे. लोक तोंड उघडून बसलेले असतात.

सासूबाईंनी अंघोळ नको म्हटलं. जावयाकडून कशी करून घेणार! तोंड-हात पुसून दिले, केस विंचरून दिले. वेणी मला येत नाही. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मी भिंतीकडे बघत होतो. कोणी कोणाला ओशाळावं तेच कळेना.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाई आजही नाहीत. शेजारणीला सांगून अर्धा दिवस कामावर गेलो. जिन्यात उभं राहून मेहुण्याला फोन केला. म्हटलं, "थोडे दिवस आईंना तिकडे घेऊन जा. मला झेपत नाहीये रे."

तो म्हणाला, "आईशी बोलू का?"

"माझं नाव घेऊ नको."

"बरं. बघतो."

फोन ठेवल्यावर पायरीवरच बसलो. खूप मोठं ओझं उतरेल असं वाटलं होतं. नुसतीच पाठ दुखत राहिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आल्या, सुटलो. पण रजेचं काम साठलंय. जेवायला उठलो नाही. मेहुण्याचा फोन नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायचं त्राण नाही. तरी लिहितो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

दुपारी फोन उघडला. पान २८८. चहानंतर २८८. एक कवळी भट्टीतून काढली, पुन्हा पाहिलं — २८८. घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेजारीण बाहेरगावी. मी एप्रन काढला आणि निघालो. मालक मागून म्हणाले, "ती संध्याकाळची कवळी?" काय उत्तर दिलं आठवत नाही. 

घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं. आत कोणी नाही. खुर्ची रिकामी. पाटी पलंगावर, बंद केलेली. न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली. काठी नाही. म्हणजे स्वतःच्या पायांनी गेल्या. जिना उतरून! झटक्यानंतर जिना त्या फक्त माझ्या हाताला धरून उतरल्या आहेत, डॉक्टरांकडे जायला.

रस्त्यावर आलो. डावीकडे बघू की उजवीकडे. मग कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या काचेतून दिसल्या. स्टुलावर ताठ बसलेल्या, समोर चष्मेवाला त्यांच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळतोय, आणि दोघांच्या मस्त गप्पा चालल्यात.

मी दारातच ओरडलो. "आई, तुम्ही इथे?"

"मग कुठे असायला हवी होते? काडी निखळली. काडीशिवाय वाचता येईना."

"मला सांगायचं! मी संध्याकाळी आणला असता करून. तिकडे पान हलेना म्हणून मी जीव मुठीत धरून धावत आलोय—"

"कसलं पान?"

जीभ चावली, पण सुटलेला शब्द सुटला. चष्मेवाल्याने मान खाली घातली. सासूबाईंनी चष्मा घातला, त्याचे आभार मानले आणि उठल्या. मी हात पुढे केला. धरला नाही. जिना चढायला किती वेळ लागला देव जाणे. मी एक पायरी मागे, हात पसरून, त्यांना न शिवता.

घरात आल्यावर खुर्चीत बसल्या. श्वास जागेवर येऊ दिला. मग विचारलं, नीट, हळू आवाजात. मी सगळं सांगितलं. खातं एक, दुपारी उघडतो, आकडा बघतो.

"तू माझ्यावर पाळत ठेवतोस?"

लग्न झाल्यापासून त्या मला 'तुम्ही' म्हणत आल्यात. आज 'तू'.

"पाळत नाही हो. काळजी."

"न्हाऊ घालायला बाई, जिन्याला तुझा हात, डॉक्टरकडे तू, गोळ्या तुझ्या हातून. ह्या अंगातलं काही माझं उरलेलं नाही. वाचत असते तेवढं तरी मी एकटी असते असं मला वाटत होतं. तिथेही तू येऊन बसलास."

मी हातातला फोन खिशात घातला. 

"आणि तुला काय वाटतं, तुझं मला दिसत नाही? रोज उघडलं की ही पाटी मला विचारते, दुसरीकडे पान ५८ वर आहात, जायचं का. गेले कित्येक दिवस ५८ च. दुपारी वाचायला बसत नाहीस म्हणजे दुपारचा जेवत नाहीस, हे काय मला कळत नाही? पण मी विचारलं कधी? तुझं तू बघशील, म्हटलं. मोठा माणूस आहेस."

उठून आत गेल्या. 

मी लॅबमध्ये परत गेलो नाही. मालकांचा फोन आला, उचलला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

मालकांनी जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलून घेतलं. माझी मान खाली, पुढ्यात कोणाचा तरी खालचा जबडा. संध्याकाळी घरी जेवण गुपचूप.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवर पान २८८ च. पाटीचं वाय-फाय त्यांनी बंद केलंय. ते कसं करायचं मी शिकवलं नव्हतं. स्वतःच शोधून काढलं!

दुपारी घरी फोन करायला हात गेला. नाही केला. आज खरंच कळत नव्हतं काय चाललं असेल घरी. डब्यातलं गार झालेलं खाल्लं, आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून नावाड्याची गोष्ट पुढे वाचली. बरीच वाचली. 

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ती थोरली परत येत नाही. नावाडी रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर एक खेप रिकामी मारतो. कोणी उतारू नसला तरी. मला समोरची कवळी धूसर दिसायला लागली. शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला, "प्लास्टर गेलं का डोळ्यात?" म्हटलं, हो.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. "आई, चुकलं माझं."

"हं."

"तुमचं खातं वेगळं काढून देतो. मग मला काही दिसणार नाही."

"आणि हे पुस्तक?"

"ते नव्या खात्यावर परत विकत घ्यावं लागेल."

"मग राहू दे. एकच पुस्तक दोनदा विकत घेणारा शहाणा मी अजून पाहिला नाही." मग म्हणाल्या, "बघायचं असेल तर बघा. पण घाबरून धावत येऊ नका. मी कधी झोपेन, कधी नुसती बसेन. कधी स्क्रू पिळायला जाईन."

'तुम्ही' परत आलं होतं. मला 'तू' बरं वाटायला लागलं होतं, हे कोणाला सांगू.

रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "त्या नावाड्याने रिकाम्या खेपा मारायला नको होत्या. धाकटी घरात आहे, तिच्याकडे बघायचं सोडून."

"धाकटी वल्हं धरायला शिकली ते त्या रिकाम्या खेपांतच ना? नीट वाचा."

"शिकली, पण किती एकटी पडली."

"एकटी कुठे? रोज बापाबरोबर होडीत होती. बोलत नव्हती एवढंच."

असं चाललं होतं. मी म्हणतो चुकलं, त्या म्हणतात बरोबर. मी फोन काढून पान दाखवलं, त्यांनी पाटी आणायला लावून दुसरं पान दाखवलं. जेवण गार झालं. मध्येच मला जाणवलं की मी मोठमोठ्याने भांडतोय, या टेबलावर, पुस्तकातल्या माणसांवरून. त्यांनाही जाणवलं असावं. आम्ही दोघंही एकदम थांबलो. बायकोची खुर्ची मधे होती. तिकडे कोणीच पाहिलं नाही. 

मग त्या म्हणाल्या, "ती असती तर तुमचीच बाजू घेतली असती. तिला बापाचा राग यायचा, कुठल्याही पुस्तकातल्या."

चार वर्षांत आम्ही तिच्याबद्दल पहिल्यांदा बोललो. तारखा आणि कागदपत्रं सोडून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मेहुण्याला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो ते सोडून दे. दमलो होतो. आई इथेच बऱ्या आहेत."

"भाऊजी, मला वाटलं तुमचं बोलणं झालंय. आईचाच फोन आला होता रविवारी रात्री. म्हणाली, पुढच्या रविवारी ये मला न्यायला. कायमची."

"तू सांगितलंस ना त्यांना, मी काय म्हणालो ते?"

"शपथ. एक शब्द नाही. मी विचार करत होतो कसं काढायचं, तोवर तिचाच फोन."

दुपारनंतर काय काम केलं ते बघायला हवं उद्या. दात उलटे बसवले असतील.

१८ फेब्रुवारी, बुधवार

विचारलंच. "आई, रागावून जाताय?"

"रागावून जायचं असतं तर त्या दिवशी चष्मा घालून तशीच गेले असते."

"मग?"

"मुलगा आहे माझा. त्याच्याकडे राहावंसं वाटलं. त्याचं घर खालच्या मजल्यावर आहे, सून दिवसभर घरी असते. वाटू नये का मला?"

वाटावं. का नाही वाटावं! पण रविवारीच माफी मागितली, रविवारीच जेवताना इतकं बोलल्या, आणि रविवारीच रात्री मुलाला फोन. म्हणजे माफ नाही केलं. चांगलं बोलून निरोप घेतला, बस. माझ्यापाशी वाचायलासुद्धा मोकळीक नाही म्हटल्यावर कोण राहील?

मला हेच हवं होतं ना. जिन्यात उभं राहून मागितलं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बांधाबांध. कपडे बाईंनी भरले, औषधं मी. पुस्तकं नेणार नाहीत. "पाटीत मावतात सगळी."

तिकडचं वाय-फाय कसं जोडायचं ते दाखवायला बसलो. एका अंगठ्याने त्यांनी मलाच करून दाखवलं — इथलं काढलं, परत लावलं, अक्षर मोठं केलं, लहान केलं, दुसरं पुस्तक शोधलं. मी नुसता बघत होतो. महिन्याभरापूर्वी ह्यांना टेकवणं जमत नव्हतं.

"तुमचं संपलं का नावाड्याचं?" विचारलं त्यांनी.

"थोडं राहिलंय."

"पुरवून वाचू नका. संपवा. मग पुढचं घ्या. दुसऱ्याच्या आवडीचं घेऊ नका, स्वतः शोधा."

"बरं."

"आणि दुपारचं जेवत जा."

सगळं आवरून झोपायला गेलो तर अंग असं दुखत होतं की जणू घर हलवलंय. एक बॅग भरली फक्त.

२२ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा आला, त्या गेल्या.

गाडीत पुढे बसवल्या. मी मागे बॅग ठेवत होतो तेव्हा मेहुणा जवळ आला, हळूच म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गेल्या वर्षी दवाखान्यातून सोडलं तेव्हाच मी न्यायला आलो होतो. खोली रंगवून तयार होती. तीच नाही म्हणाली. म्हणाली, मी गेले तर त्या घरात त्याच्याशी बोलायला कोणी उरत नाही, आणि त्याला स्वतःशीही बोलता येत नाही. त्याचं जरा मार्गी लागू दे, मग येते. गेल्या रविवारी फोन आला तेव्हा म्हणाली — ये आता, लागलं मार्गी."

मी डिकी लावली.

चार वर्षं ज्याला त्याला सांगत आलो, सासूबाई माझ्याकडे असतात म्हणून.